चूक, अडचण आणि बिघाड : सिस्टिम्स लायब्ररीतील त्रुटी-हाताळणीच्या रचनेची समीक्षा

गोषवारा : संगणकाच्या मूलभूत स्तरावर काम करणाऱ्या लायब्ररींमध्ये त्रुटी कशी कळवावी, या प्रश्नाची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते. सांकेतिक अंक परत करावा, एक्सेप्शन फेकावे की त्रुटीला स्वतंत्र मूल्य मानावे, या तीन पर्यायांभोवतीच ती फिरते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, त्रुटी कशी कळवायची हा प्रश्न दुसरा आहे. ती कोणत्या जातीची आहे, हा पहिला. या दृष्टीने सी भाषेची परंपरा, एक्सेप्शनची परंपरा आणि गो व रस्ट या अलीकडच्या भाषांची परंपरा यांची समीक्षा केली असून, शेवटी आपल्या अध्यापनाविषयी काही निरीक्षणे नोंदवली आहेत.

बीजसंज्ञा : सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग, लायब्ररी, त्रुटी-हाताळणी, एक्सेप्शन, रेल्वे सिग्नल.

१. प्रास्ताविक

डोंबिवली आणि कल्याण यांच्यामध्ये ठाकुर्ली हे मध्य रेल्वेचे स्थानक आहे. एकेकाळी रेल्वेच्या चोळा पॉवर हाऊसमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाचा आजचा दिनक्रम लोकलच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. गाड्या रखडल्या की फलाटावर घोषणा होते : ‘तांत्रिक बिघाडामुळे’ गाड्या उशिराने धावत आहेत. या दोन शब्दांतून प्रवाशाला काहीही ठरवता येत नाही. दहा मिनिटे थांबावे की बाहेर पडून रिक्षा पकडावी, हे त्याला कळत नाही. त्रुटी कळवली गेली, परंतु ती ऐकणाऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

त्याच मार्गावर त्याच वेळी मोटरमनला मिळणारा संदेश मात्र अत्यंत काटेकोर असतो. या उपनगरी मार्गावर स्वयंचलित सिग्नलची व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेचा पाया म्हणजे ट्रॅक सर्किट. १८७२ मध्ये अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन यांनी त्याचे तत्त्व सिद्ध केले. रुळांमधून वाहणारा क्षीण विद्युतप्रवाह एका रिलेला धरून ठेवतो. गाडी त्या टप्प्यात शिरली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. या रचनेचे मर्म पुढे आहे. तार तुटली, वीजपुरवठा गेला किंवा रिलेला प्रवाह मिळेनासा झाला, तरीही सिग्नल लालच होतो. म्हणजे ‘मार्ग मोकळा आहे’ हे सतत सिद्ध करावे लागते. जेथे पुरावा नाही तेथे धोका गृहीत धरला जातो.

दुसरी गोष्ट अशी की, सर्व लाल दिवे सारखे नसतात. ज्या खांबावर ‘ए’ अक्षराची खूण आहे, तो स्वयंचलित सिग्नल. तो लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबावे व त्यानंतर अत्यंत सावध वेगाने पुढे जावे, असा नियम आहे. याउलट, स्टेशनमधून नियंत्रित होणारा सिग्नल लाल असेल तर अधिकृत परवानगीशिवाय तो ओलांडता येत नाही. तिसरी गोष्ट : मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बसवलेल्या सहायक चेतावणी यंत्रणेमुळे सिग्नलकडे दुर्लक्ष करणेही सोपे राहिलेले नाही. इशारा मिळाल्याची पोच मोटरमनने काही सेकंदांत दिली नाही, तर ब्रेक आपोआप लागतात.

मौन म्हणजे धोका, धोक्याचे प्रकार वेगळे, प्रत्येक प्रकाराला ठरलेली कृती आणि पोच देण्याची सक्ती, अशी ही चार तत्त्वे आहेत. आपण ज्या सॉफ्टवेअरवर विसंबून आहोत त्याच्या मूलभूत लायब्ररींना या कसोट्या लावल्या तर काय दिसते, हा या लेखाचा विषय आहे.

२. शब्दांचा प्रश्न

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. लायब्ररी म्हणजे इतरांनी वापरावीत म्हणून तयार करून ठेवलेली फंक्शने. फाइल उघडणे, स्मृतीतील जागा मागणे, दुसऱ्या संगणकाशी जोडणी करणे ही कामे प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने लिहावयाची नसतात. तो लायब्ररीला हाक मारतो. लायब्ररी लिहिणाऱ्याला आपला वापर कोण, कोठे आणि कशासाठी करील हे ठाऊक नसते. वापरणाऱ्याला लायब्ररीच्या आत काय चालते हे दिसत नाही. त्यामुळे त्रुटी-हाताळणी हा एकमेकांना न भेटलेल्या दोन व्यक्तींमधील करार असतो आणि त्याची भाषा नेमकी असावी लागते.

इंग्रजीतील ‘एरर’ या शब्दासाठी आपण पारिभाषिक मराठीत सरसकट ‘त्रुटी’ हा शब्द वापरतो. परंतु व्यवहारातील मराठीत या एका शब्दाच्या पोटात राहणाऱ्या निदान तीन गोष्टींना स्वतंत्र नावे आहेत. ‘चूक’ ही करणाऱ्याची असते. ‘अडचण’ ही परिस्थितीची असते. तीत कोणाचा दोष असेलच असे नाही. ‘बिघाड’ हा साधनाचा असतो आणि त्यानंतर त्या साधनावर विश्वास ठेवता येत नाही. हा भेद प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

उदाहरणे घेऊ. दहा घरांच्या यादीतील अकरावे घर मागितले, ही आज्ञावलीकाराची चूक. मागितलेली फाइल डिस्कवर नाही किंवा जोडणी तुटली, ही अडचण. स्मृतीतील मजकूर विस्कटला आहे किंवा लिहिलेले पान डिस्कवर पोचले की नाही हेच सांगता येत नाही, हा बिघाड. तिन्हींना द्यावयाचे उत्तर वेगळे आहे. अडचणीतून मार्ग काढता येतो : पुन्हा प्रयत्न करावा, दुसरी जागा शोधावी, वापरणाऱ्याला विचारावे. चूक चालत्या आज्ञावलीने दुरुस्त करावयाची नसते. ती उघडकीस आणून आज्ञावली सुधारावयाची असते. बिघाड झाला की थांबून, ज्या स्थितीवर विश्वास ठेवता येतो तेथवर मागे जाणे एवढेच शहाणपणाचे असते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, याचा दाखला जी-लिब या मुक्त स्रोत लायब्ररीत मिळतो. लिनक्सवरील अनेक आज्ञावल्या तिच्यावर उभ्या आहेत. तिच्या दस्तऐवजात स्पष्ट धोरण आहे : सावरता येण्याजोग्या अडचणी ‘जी-एरर’ या वस्तूमार्फत कळवाव्यात, आज्ञावलीकाराच्या चुकांसाठी ही वस्तू कधीही वापरू नये, त्यांसाठी वेगळ्या तपासण्या आणि इशारे आहेत. स्मृती मागण्यासाठीही तेथे दोन दारे आहेत. एका फंक्शनला जागा मिळाली नाही तर आज्ञावली तेथेच संपते. ‘ट्राय’ हा शब्द नावात असलेले दुसरे फंक्शन अपयश कळवून निर्णय हाक मारणाऱ्यावर सोपवते. स्मृतीचा अभाव ही अडचण मानायची की बिघाड, हे वापरणाऱ्याला निवडता येते आणि ती निवड नावातूनच दिसते. एखादी लायब्ररी सहज संपूर्ण आज्ञावली बंद पाडू शकते, हा जी-लिबवरील आक्षेप रास्त आहे. परंतु तिने हा प्रश्न टाळलेला नाही, हे मान्य करावे लागते.

३. मौन म्हणजे यश : सी भाषेची परंपरा

सी भाषा आणि युनिक्स यांच्या १९७० च्या दशकातील जन्मापासून चालत आलेला संकेत असा : फंक्शनने उत्तराच्याच जागी एखादा विशेष अंक, बहुधा उणे एक, परत करावा आणि कारण ‘एर्नो’ नावाच्या सामाईक जागी लिहून ठेवावे. संकेत साधा आणि स्वस्त आहे. तत्कालीन यंत्रांची क्षमता पाहता तो समर्थनीयही होता. त्याचा दोष असा की, रेल्वे सिग्नलचे पहिले तत्त्व त्यात उलटे झाले आहे. येथे मौन म्हणजे यश. हाक मारणाऱ्याने विचारलेच नाही, तर सर्व सुरळीत आहे असे धरून काम पुढे चालते.

मजकुराचा अंक करून देणारे ‘एटॉय’ हे फंक्शन पाहावे. त्याला अंकच नसलेला मजकूर दिला तर ते शून्य देते. आणि ‘०’ हा मजकूर दिला तरीही शून्यच देते. समजा, निकालपत्रक तयार करणाऱ्या आज्ञावलीत गुणांच्या रकान्यात ‘अनुपस्थित’ असे लिहिलेले आहे आणि तो रकाना या फंक्शनमधून गेला. विद्यार्थ्याला शून्य गुण मिळतील. परीक्षेला न बसलेला आणि परीक्षेत शून्य मिळवलेला विद्यार्थी यांतील फरक परीक्षा विभागात काम केलेल्या कोणाही प्राध्यापकाला सांगावा लागत नाही. येथे त्रुटीने उत्तराचा वेष घेतला आणि तो ओळखण्याचा कोणताही मार्ग उरला नाही.

‘स्ट्रटोल’ हे त्याचे सुधारलेले भावंड त्रुटी कळवू शकते, पण त्यासाठी हाक मारण्यापूर्वी एर्नोमध्ये स्वतः शून्य लिहावे लागते. कारण लायब्ररीचे कोणतेही फंक्शन एर्नो शून्यावर आणून ठेवत नाही. आधीच्या कोणा दुसऱ्याच फंक्शनने ठेवलेली खूण तेथे शिल्लक असू शकते. करार पाळण्याचे सर्व ओझे जो सर्वांत कमी जाणतो त्याच्यावर, म्हणजे नवख्या वापरकर्त्यावर टाकलेले आहे.

या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पहिल्याच तासाला फळ्यावर असते. पडद्यावर अभिवादनाची एक ओळ छापणारी, पाच-सहा ओळींची सी आज्ञावली प्रत्येक विद्यार्थी लिहितो. लिनक्समध्ये ‘फुल’ नावाची एक खास फाइल ‘डेव्ह’ या निर्देशिकेत असते; तिच्यात काहीही लिहू गेल्यास ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. आपल्या पहिल्या आज्ञावलीचे फलित तिच्याकडे वळवावे. एक अक्षरही लिहिले जात नाही आणि तरीही आज्ञावली यशस्वी झाल्याचा निर्वाळा, म्हणजे शून्य हा अंक, देऊन संपते. कारण ‘प्रिंटएफ’ मजकूर आधी साठवून ठेवते, प्रत्यक्ष लेखन शेवटी होते आणि त्या वेळी झालेली अडचण ऐकायला कोणी उरलेले नसते. जीएनयूच्या नित्याच्या आज्ञा लिहिणाऱ्यांनी ही उणीव ओळखून, बाहेर पडताना लेखन तपासणारे स्वतंत्र फंक्शन जोडले आहे. आपण मात्र ही आज्ञावली ‘बिनचूक’ म्हणून शिकवतो.

४. अपवादाची वाट : एक्सेप्शन

दुर्लक्ष करता येते हा सीचा दोष मानला, तर दुर्लक्ष अशक्य करणे हा त्यावरचा उपाय. १९७० च्या दशकातील क्लू, त्यानंतर एडा, सी प्लस प्लस आणि जावा या भाषांनी एक्सेप्शनची वाट घेतली. त्रुटी घडताच नेहमीचा प्रवाह खंडित होतो आणि हाकांच्या साखळीतून वर जात, ती झेलणारा कोणी भेटेपर्यंत नियंत्रण प्रवास करते. कोणीच झेलले नाही तर आज्ञावली थांबते. मौन म्हणजे यश हा संकेत येथे मोडला, ही या परंपरेची निर्विवाद कमाई होय.

परंतु दुर्लक्ष अशक्य केल्याने विचार आपोआप घडत नाही. जावाने काही एक्सेप्शन झेलणे वा जाहीर करणे सक्तीचे केले. व्यवहारात अनेकांनी ती सक्ती रिकाम्या झेल-खंडाने पूर्ण केली : झेलायचे आणि काहीही करायचे नाही. मोटरमनने सिग्नल न पाहताच पोच देण्याचे बटण दाबावे, तसा हा प्रकार आहे. पुढे आलेल्या सी शार्पने ही सक्ती स्वीकारली नाही. २०१४ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी कसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच वितरित प्रणालींतील १९८ अपयशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील संपूर्ण व्यवस्था कोलमडवणाऱ्या ४८ घटनांपैकी ९२ टक्के घटनांत, आज्ञावलीने स्पष्टपणे कळवलेली आणि मुळात प्राणघातक नसलेली त्रुटी चुकीच्या रीतीने हाताळली गेली होती. रिकामे किंवा केवळ नोंद करणारे झेल-खंड, ‘पुढे करू’ अशी टीप लिहून सोडलेले खंड यांचाही त्यांत वाटा होता. कळवण्याची यंत्रणा शाबूत होती. उत्तर मात्र दिले गेले नव्हते.

एक्सेप्शनच्या परंपरेतील सर्वांत गाजलेला अपघात एडा भाषेतील आज्ञावलीचा आहे आणि तो प्रस्तुत विवेचनाला विशेष पोषक आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशा-मापन संगणकातील आज्ञावली एरियन ४ वरून जशीच्या तशी आणली होती. तीत ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग अधिक असल्याने संख्या मावली नाही, एक्सेप्शन उठले आणि ते झेलणारे कोणी नव्हते. चौकशी अहवालाने दाखवून दिले की, रचनाकारांनी एक्सेप्शन म्हणजे यंत्रातील आकस्मिक बिघाड असे गृहीत धरले होते. म्हणून संगणक बंद करून जोड-संगणकाकडे काम सोपवायचे असे ठरले होते. पण जोड-संगणकातही तीच आज्ञावली होती आणि तो त्याच कारणाने आधीच बंद पडला होता. चुकीला बिघाड समजले गेले. बिघाडावर राखीव यंत्र हा उपाय चालतो. चुकीवर तो चालत नाही, कारण राखीव यंत्रही तीच चूक करते.

याच अपघातात सीच्या परंपरेतील दोषही दुसऱ्या रूपाने दिसतो. बंद पडताना दिशा-मापन संगणकाने निदानासाठीची माहिती पाठवली आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाची आकडेवारी समजून अग्निबाण वळवला. ‘अनुपस्थित’चे शून्य होणे आणि निदानाच्या संदेशाची दिशा होणे, यांची जात एकच आहे.

५. त्रुटी हेच मूल्य : गो आणि रस्ट

२००९ मध्ये जाहीर झालेल्या गो आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट या भाषांनी एक्सेप्शनची गुप्त वाट नाकारली. त्रुटी हे इतर मूल्यांसारखेच एक मूल्य मानावे आणि ते उत्तराच्या शेजारी, पण उत्तरापासून वेगळे परत करावे, ही त्यांची भूमिका आहे. गोमध्ये फंक्शन उत्तर आणि त्रुटी अशी जोडी देते. ते वाचायला सरळ आहे. परंतु हाकेची सर्वच उत्तरे टाकून दिली तर संकलक आक्षेप घेत नाही. फाइल बंद करतानाची त्रुटी अशी नित्य हरवते.

रस्टची रचना अधिक कसून विचार केलेली आहे. तेथे ‘रिझल्ट’ हा प्रकार एक तर यशाचे उत्तर धारण करतो किंवा त्रुटी. उत्तर बाहेर काढताना दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात आणि ‘रिझल्ट’ न वापरता टाकून दिला तर संकलक इशारा देतो. ‘अनुपस्थित’चे शून्य तेथे नकळत होऊ शकत नाही. चुकीसाठी ‘पॅनिक’ ही वेगळी वाट आहे. चूक आणि अडचण यांतील भेद भाषेच्या रचनेतच आणला गेला, ही मोठी प्रगती मानावी लागेल.

तथापि भेद करण्याची सोय मिळाली म्हणून भेद बरोबर केला जाईलच असे नाही. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या जाळ्यातून जाणारी असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, डेटाबेसच्या परवानग्यांतील एका बदलामुळे यंत्रमानवी वाहतूक ओळखणाऱ्या वैशिष्ट्यांच्या फाइलमध्ये नोंदी दुबार आल्या आणि आज्ञावलीने ठरवलेली २०० वैशिष्ट्यांची मर्यादा ओलांडली गेली. रस्टमध्ये लिहिलेल्या त्या आज्ञावलीला त्रुटी व्यवस्थित मिळाली होती. पण लिहिणाऱ्याने ‘अनरॅप’ ही पद्धत वापरली होती. तिचा अर्थ असा की, येथे त्रुटी येणे शक्यच नाही आणि आली तर थांबावे. आज्ञावली थांबली.

या घटनेवरून रस्टवर टीका झाली, तशीच ‘भाषेचा काय दोष’ असा बचावही झाला. दोन्ही प्रतिक्रिया मुद्द्यापासून दूर आहेत. येथे चुकले ते वर्गीकरण. फाइल आपल्याच संस्थेच्या दुसऱ्या विभागातून येते, म्हणून ती विश्वासार्ह मानली गेली. ती चुकीची असणे म्हणजे अशक्य घटना ठरवली गेली. वस्तुतः बाहेरून येणारी प्रत्येक फाइल, मग ती घरातीलच का असेना, ही अडचणीचा संभाव्य उगम असते. तिला अडचण मानले असते तर उत्तर सहज सुचण्यासारखे होते : कालची चांगली फाइल वापरत राहावे आणि धोक्याची घंटा वाजवावी. स्वयंचलित लाल सिग्नलपाशी थांबून मग सावध वेगाने पुढे जाण्याचा नियम याच धाटणीचा आहे. एरियनमध्ये चुकीला बिघाड समजले गेले, येथे अडचणीला चूक. दोन घटनांमध्ये एकोणतीस वर्षे आणि दोन भिन्न भाषा आहेत. दोष एकच आहे.

६. त्रुटीनंतर काय उरते?

येथवर त्रुटी कोणाची आणि ती कशी कळवावी याचा विचार केला. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे : त्रुटी आल्यानंतर मागे काय स्थिती उरली? काम झालेच नाही, अर्धवट झाले, की झाले किंवा नाही हेच कळत नाही? सी प्लस प्लसच्या प्रमाण लायब्ररीच्या संदर्भात डेव्हिड अब्राहम्स यांनी १९९० च्या दशकात याची प्रतवारी मांडली. त्रुटी येणारच नाही ही सर्वोच्च हमी. आली तर सर्व पूर्ववत राहील ही दृढ हमी. आणि निदान काही गळणार वा मोडणार नाही ही किमान हमी. लायब्ररीच्या प्रत्येक फंक्शनने यांपैकी कोणती हमी आपण देतो हे सांगितले पाहिजे, अशी अपेक्षा त्यातून रूढ झाली.

ही हमी न दिल्याने काय होते, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बाबतीत उघड झाले. लिहिलेला मजकूर खरोखर डिस्कवर पोचवा, अशी आज्ञा ‘एफसिंक’ हे फंक्शन देते. ते अयशस्वी झाले तर पुन्हा प्रयत्न करावा, अशी डेटाबेसची रीत होती. अडचणीला पुनःप्रयत्न हे उत्तर रास्तच आहे. परंतु लिनक्समध्ये लेखन अयशस्वी झालेली पाने काही परिस्थितींत ‘लिहिली गेली’ अशीच खूण करून सोडली जात. मग दुसऱ्या वेळी एफसिंक यश कळवी, कारण त्याच्या लेखी लिहिण्यासारखे काही उरलेलेच नसे. मजकूर मात्र हरवलेला असे. दोन्ही बाजूंनी आपापला करार पाळला होता. करारात ‘अपयशानंतर पानांचे काय होईल’ हे कलमच स्पष्ट नव्हते.

पोस्टग्रेसच्या विकासकांनी २०१९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांत धोरण बदलले. एफसिंक अयशस्वी झाले की पुनःप्रयत्न करायचा नाही. डेटाबेस तत्काळ थांबवायचा आणि व्यवहारांच्या नोंदवहीवरून पुन्हा उभा करायचा. म्हणजे ज्या घटनेला इतकी वर्षे अडचण मानले होते, तिला बिघाड मानण्यात आले. थांबणे हे येथे अधिक जबाबदार उत्तर ठरले, कारण ज्या स्थितीवर विश्वास ठेवता येईल ती नोंदवहीत सुरक्षित होती.

७. एक आक्षेप

येथे एक आक्षेप घेता येईल. चूक, अडचण आणि बिघाड यांतील सीमा लायब्ररीने ठरवायची कशी? फाइल न सापडणे ही एखाद्या आज्ञावलीसाठी नित्याची बाब असेल, तर दुसरीसाठी सर्वनाश. हा आक्षेप बरोबर आहे. लायब्ररीला संदर्भ ठाऊक नसतो, हे आपण आरंभीच पाहिले. म्हणूनच लायब्ररीने अंतिम निवाडा करू नये. निवाड्याला लागणारे साहित्य पुरवावे. काय घडले, पुन्हा प्रयत्न सार्थ आहे का आणि मागे काय उरले, या तीन प्रश्नांची उत्तरे त्रुटीसोबत आली पाहिजेत. ‘तांत्रिक बिघाडामुळे’ या घोषणेत नेमकी हीच तीन उत्तरे नसतात.

रचनेइतकीच तिची परीक्षाही महत्त्वाची आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस लायब्ररीचे विकासक स्मृतीच्या पहिल्या मागणीला मुद्दाम नकार देऊन पाहतात, मग दुसऱ्या मागणीला, मग तिसऱ्या; आणि प्रत्येक वेळी लायब्ररी स्वतःला सावरते का हे तपासतात. डिस्कच्या अडचणींचीही अशीच तालीम होते. त्रुटीची वाट ही क्वचित चालली जाणारी वाट असल्याने तिची तालीम झाली नाही, तर ती गरजेच्या दिवशी बंद आढळते.

८. आपल्या वर्गातील प्रश्न

आयआयटी मुंबईचे प्रा. डी. एम. ढमढेरे यांचा सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम्स या विषयावरील ग्रंथ आपल्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला आहे. त्यात असेंब्लरच्या विवेचनात त्रुटी-कथनाचीही चर्चा येते. असेंब्लर आज्ञावली दोनदा वाचतो. एखादे नाव कोठेही परिभाषित नाही, हे पहिल्या वाचनाच्या मध्यावर कळू शकत नाही. ते पुढे येण्याची शक्यता असते. म्हणून अशी त्रुटी दुसऱ्या वाचनात, ज्या ओळीत ती आहे त्या ओळीलगत दाखवणे इष्ट ठरते. त्रुटी केव्हा कळते आणि कोठे सांगावी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा हा सुंदर वस्तुपाठ आहे. परीक्षेत मात्र तो बहुधा दोन वाचनांतील फरकाच्या तक्त्यापुरता उरतो.

प्रात्यक्षिक परीक्षेत आपण योग्य निविष्टीला योग्य फलित मिळाले की गुण देतो. फाइल नसेल तर, डिस्क भरलेली असेल तर, रकान्यात अंकाऐवजी शब्द असेल तर काय होईल, हे विचारत नाही. वेळ कमी असतो, विद्यार्थी अधिक असतात, ही कारणे खरी आहेत. परंतु त्यामुळे त्रुटीची तपासणी म्हणजे शेवटी वेळ उरल्यास करावयाची सजावट, अशी समजूत विद्यार्थ्याच्या मनात रुजते आणि तीच घेऊन तो उद्योगात जातो. रिकामे झेल-खंड लिहिणारे हात वर्गातच घडतात.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक प्रात्यक्षिकात एक प्रश्न ठेवावा : तुमच्या आज्ञावलीतील एका फंक्शनचे अपयश निवडा, ते चूक, अडचण की बिघाड हे कारणासह सांगा, आणि त्यानुसार उत्तर लिहा. पहिल्याच तासाला अभिवादनाची आज्ञावली भरलेल्या फाइलकडे वळवून तिचा खोटा निर्वाळा दाखवावा. पाच मिनिटांचा हा प्रयोग पुढील अनेक व्याख्यानांचे काम करील.

९. समारोप

सांकेतिक अंक, एक्सेप्शन आणि मूल्यरूप त्रुटी या तीन परंपरांचा क्रम पाहता, त्रुटीकडे दुर्लक्ष करणे उत्तरोत्तर अवघड होत गेले हे निश्चित. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर पोच देण्याचे बटण आता जवळजवळ सर्वत्र बसले आहे. परंतु एरियन, पोस्टग्रेस आणि क्लाउडफ्लेअर या तिन्ही प्रकरणांत त्रुटी कळलेली होती. तिची जात ओळखण्यात गफलत झाली. ते काम कोणतीही भाषा करू शकत नाही. लायब्ररीच्या रचनाकाराने ते सुकर करावयाचे, वापरणाऱ्याने पार पाडावयाचे आणि शिक्षकाने शिकवावयाचे असते. ‘ए’ अक्षराची खूण असलेला लाल दिवा आणि खूण नसलेला लाल दिवा यांतील फरक न शिकता कोणी मोटरमन होत नाही. संगणकशास्त्राची पदवी मात्र त्याविना आजही मिळू शकते, हे आपल्या अभ्यासक्रमाचे न्यून आपण मान्य केले पाहिजे.